वळायच्या आधी

उजवा खांदा धरला तो ऐन वैशाखात.
डॉक्टर म्हणाले, फ्रोजन शोल्डर.
भुसावळात, सत्तेचाळीस डिग्रीत,
फ्रोजन!
सुलभा जी हसली ती परवापर्यंत हसत होती.

हात वर होत नाही म्हणजे
देवळातली घंटा नाही, फळीवरचा डबा नाही,
आणि सायकलवरून उजवीकडे वळताना
बाहेर काढायचा तो हातही नाही.
तसा तो इथं काढतं कोण?
आमच्याकडे माणूस मनातल्या मनात वळतो,
मागच्यानं ओळखून घ्यायचं.
पण मी चौतीस वर्षं रेल्वेचे सिग्नल सांभाळले.
मला न सांगता वळवत नाही.

मग काढला पत्र्याचा डबा,
एकेकाळी राजगिऱ्याच्या लाडवांचा,
आता रेझिस्टर, डायोड
आणि कशाला ठेवल्या ते विसरलो अशा वस्तूंचा.
पाचशे पंचावन्न नंबरची आयसी तेवढी नव्हती.
आठ पायांचा काळा किडा तो,
खेमचंदच्या दुकानात बारा रुपयांना.
“काका, रेडिओ का?”
“नाही. सायकलचा इंडिकेटर.”
त्यानं एक जास्तीची दिली, फुकट.
वेड्याशी कुणी घासाघीस करत नाही.

निळा, करडा, नारिंगी: अडुसष्ट किलो-ओम.
पट्टे वाचायला चष्मा, धरायला चिमटा,
आणि डाव्या हातानं सोल्डर करायला
देवाचं नाव पुरत नाही, शिव्या लागतात.
राळेचा धूर उठला
आणि क्षणभर मी खंडवा लाइनीवरच्या रिले रूममध्ये,
पहाटेचे तीन,
बाहेर मालगाडी ताटकळलेली,
पिवळा लागत नाही म्हणून.

काचेऐवजी साबणाच्या नारिंगी डब्या कापल्या.
बॅटरी इमर्जन्सी दिव्यातली, सहा व्होल्टची.
दिवा गेला होता, ती शिल्लक होती.
ओट्यावर उद्घाटन.
डावं बटण दाबलं, उजवं लुकलुकलं.
चावदस आप्पा कंपाउंडावर कोपर टेकून:
“नक्की कुठी वळून राह्यला रे भो?”

वायरी बदलल्या. संध्याकाळी जामनेर रोड.
मागं केळीचा ट्रक, पोटापर्यंत हॉर्न.
उजवं दाबलं.
ट्रक थांबला.
खरंच थांबला! दहा-बारा टन केळी
चार एलईडींच्या शब्दावर उभी राहिली
आणि मी वळलो, जावयासारखा.

फक्त बंद करायचं विसरलो.
पुढे दोन किलोमीटर सरळ गेलो
उजवीकडे वळतो, वळतो म्हणत.
शेवटी एक मोटरसायकलवाला शेजारी आला:
“आजोबा, वळा ना एकदाचे!”

घरी येऊन हे सगळं रंगवून सांगितलं.
गजराच्या घड्याळातला बझर काढून जोडतो म्हणालो,
म्हणजे चालू राहिलं तर कानाला कळेल.
सुलभा खाटेवरच्या कुरडया गोळा करत होती.
मान वर न करता म्हणाली,
“नागपूरची बढती नाकारलीत.
मी बालवाडीचा राजीनामा देऊन आले त्याच दिवशी.
खोकी आणली होती मी वाण्याकडून, सामानाला.
तेव्हा नाही लावलात एखादा दिवा.”

मी स्क्रू पिळत राहिलो.
तो आधीच घट्ट होता.

वीज गेली. कॉलनीभर काळोख,
आमच्या ओट्यावर तेवढं
नारिंगी, काळं, नारिंगी,
कुरडया दिसायच्या, जायच्या.
तिचा चेहराही तसाच.
मी बटणाकडे हात नेला, डावा.
“राहू द्या,” ती म्हणाली,
आणि मनगटावरचं घड्याळ
त्या उजेडाकडे धरून मोजत बसली.
मी गप्प. चौतीस वर्षं नोकरीत
अशी तपासणी झाली नव्हती.

“मिनिटाला साठ म्हणाला होतात ना?
अठ्ठावन्नच भरतात.”